चंद्रपूर: तलाव बांधणारं राज्य, खदानी खोदणारं खोरं आणि मागे उरलेलं पाणी

ऑगस्ट २०२२. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस गावचा अमराई वॉर्ड. एका घराखालची जमीन अचानक हलायला लागली. घरातली माणसं जीव घेऊन बाहेर पळाली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर अख्खं घर खोल खड्ड्यात गेलं. भूकंप झाला नव्हता. घराच्या खाली कधीकाळी कोळशाची भूमिगत खदान होती. कोळसा निघून गेला, खदान बंद पडली, वर वस्ती झाली आणि खालची पोकळी तशीच राहिली. या घटनेनंतर आजूबाजूच्या कुटुंबांनाही तिथून हलवावं लागलं.

घुग्घुसची बातमी दोन-चार दिवस मोबाइलवर फिरली आणि मागे पडली. पण त्या खड्ड्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आणि त्याच्याही मागे एक जुना इतिहास आहे, जो याच मातीत पाणी साठवण्यासाठी खोदलेल्या हजारो तलावांचा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीचा हा भाग समजून घ्यायचा तर या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

कोळसा इथे आला कुठून?

चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेला वर्धा नदी वाहते. तिच्या दोन्ही काठांना, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा, माजरी, भद्रावती, घुग्घुस, चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा या पट्ट्यात आणि पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी भागात कोळसा आहे. भूगोलाच्या भाषेत हे ‘वर्धा खोऱ्याचं कोळसाक्षेत्र’.

हा कोळसा ज्या खडकांत सापडतो त्यांना जगभरात ‘गोंडवन’ खडक म्हणतात. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकत्र होते त्या महाखंडालाही ‘गोंडवन’ हेच नाव मिळालं. नाव आलं ते गोंडांच्या या मुलखावरून. साधारण २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी इथे दलदलीची जंगलं होती. ती गाडली गेली, दाबली गेली आणि त्यांचा दगडी कोळसा झाला.

त्याही आधी इथे बर्फ होतं. मे महिन्यात ज्या चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या पुढे जातो, त्याच जिल्ह्यात पैनगंगेच्या पात्रात इरई गावाजवळ चुनखडीच्या खडकावर हिमनदीने घासून उमटवलेल्या रेघा आहेत. १८७० च्या दशकात भूवैज्ञानिक फेडन यांनी त्या नोंदवल्या. भारतात प्राचीन हिमयुग होऊन गेलं याचा हा ठळक पुरावा मानला जातो.

जिल्ह्याच्या पूर्वेकडचं चित्र वेगळं आहे. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली आणि वैनगंगेपलीकडचं गडचिरोली इथे कठीण खडक, घनदाट जंगल आणि धानाची शेती आहे. याच भागाला झाडीपट्टी म्हणतात. पश्चिमेला खदानी, पूर्वेला तलाव अशी ही ढोबळ विभागणी. अर्थात खनिजं पूर्वेलाही होती. आरमोरी तालुक्यातल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख थेट अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त आहे.

एका डबक्यापासून वसलेलं शहर

चंद्रपूरच्या स्थापनेची लोककथा पाण्यापासूनच सुरू होते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर खांडकं होती, म्हणून त्याचं नाव तसं पडलं. राजधानी तेव्हा बल्लारपूरला होती. एकदा शिकारीला गेला असताना तहानलेला राजा झरपट नदीच्या कोरड्या पात्रात पाणी शोधू लागला. एका खळग्यात त्याला थोडं पाणी सापडलं. त्याने तोंड-हात-पाय धुतले, पाणी प्याला आणि त्याची खांडकं बरी होऊ लागली. राणीच्या सांगण्यावरून त्या जागी अचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं आणि जवळच नवी राजधानी वसवायचं ठरलं. सशाने कुत्र्याचा पाठलाग केला, तो जसा पळाला तशी कोटाची भिंत आखली गेली, ही कथाही चंद्रपूरकरांना लहानपणापासून माहीत असते.

कथा कथेच्या जागी. पण शहराची रचना पाहिली तर पाण्याचा विचार पक्का होता हे दिसतं. इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या मध्ये शहर. भोवती दगडी परकोट आणि त्याला जटपुरा, अचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा अशी चार दारं. कोटाच्या आत तलाव. त्यातला सगळ्यांत मोठा रामाळा तलाव, ज्याचं नाव गोंड राजा रामशहाशी जोडलं जातं. गावाबाहेर जुनोन्यासारखे तलाव. तलावातलं पाणी मातीच्या नळांनी शहरात खेळवण्याची सोयही गोंड काळात केलेली होती.

तलाव बांधण्याची परंपरा गोंडांच्याही आधीची आहे. भद्रावतीला डोलारा तलाव आहे. त्यातल्या बेटाकडे जाणारा प्राचीन दगडी पूल आजही पाहायला मिळतो.

‘तुकूम’ म्हणजे काय?

आज चंद्रपुरात ‘तुकूम’ म्हटलं की ताडोबा रोडवरची दाट वस्ती आठवते. जिल्ह्यातल्या कितीतरी गावांच्या नावापुढेही महसुली कागदांत ‘तुकूम’ लागतं. हा शब्द मुळात एका व्यवहाराचा आहे.

गोंड राज्यात जंगल भरपूर होतं, माणसं कमी होती. जमीन लागवडीखाली आणायची तर पाणी हवं आणि पाणी हवं तर तलाव बांधणारा माणूस हवा. परंपरेनुसार हीरशहा राजाने जाहीर केलं की, जो जंगल तोडून गाव वसवेल त्याला त्या गावाचा हक्क मिळेल. आणि जो तलाव बांधेल, त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन इनाम मिळेल. तलावाच्या मोबदल्यात मिळालेली ही जमीन म्हणजे तुकूम. इंग्रज अधिकारी मेजर लुसी स्मिथ यांनी १८६९ च्या चांदा जिल्ह्याच्या जमाबंदी अहवालात गोंड राजांच्या या कामाची दखल घेतली आहे.

या व्यवहारातली मेख साधी होती. तलाव जेवढा चांगला, तेवढी जास्त जमीन भिजणार. जमीन जेवढी जास्त, तेवढं बांधणाऱ्याचं उत्पन्न जास्त. आणि तलाव फुटला किंवा गाळाने भरला तर पहिलं नुकसान त्याचंच. त्यामुळे तलाव बांधून विसरून जाणं कुणालाच परवडत नव्हतं.

या कामात कोहळी समाजाचं नाव मोठं आहे. कुठल्या उतारावर पाळ घातली की कमी मातीत जास्त पाणी अडेल, हे त्यांना नेमकं कळायचं. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यातले अनेक तलाव त्यांनी बांधले.

मामा तलाव: एक यंत्रणा

गोंडांचं राज्य १७५१ मध्ये संपलं आणि मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १८५४ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात आला. इंग्रजांनी गावच्या वसुलीदारांना मालगुजार म्हणून जमिनीचे मालकी हक्क दिले. गावचे तलाव त्यांच्याकडे आले. पुढे मालगुजारी गेली आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ हे नाव राहिलं. त्याचंच छोटं रूप म्हणजे ‘मामा तलाव’. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मिळून असे तीन हजारांहून जास्त तलाव आहेत.

मामा तलाव चालतो कसा? गावाच्या वरच्या बाजूला, उताराला आडवी मातीची पाळ घातलेली असते. मागच्या जंगलातून वाहून आलेलं पाणी पाळीला अडतं. पाळीतल्या मोरीतून ते खालच्या बांध्यांमध्ये सोडतात. बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा छोटा तुकडा. जास्तीचं पाणी सांडव्यावरून निघतं आणि पुढच्या तलावात किंवा शेतातल्या बोडीत जातं. एका पाणलोटात असे तलाव एकाखाली एक असतात. वरचा भरला की खालचा भरतो.

पूर्व विदर्भात पाऊस चांगला पडतो, मग तलाव कशाला? कारण पाऊस पडतो तो खंड घेऊन. धानाची रोवणी झाल्यावर किंवा दाणा भरायच्या वेळी पंधरा दिवस पाऊस गेला की पीक हातचं जातं. तलाव हा त्या पंधरा दिवसांचा विमा होता.

एका तलावावर बरेच जण जगायचे. शेतकऱ्याला पाणी, ढिवरांना मासे, गुरांना पिणं, बायांना कमळकंद आणि भाजी. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात पीक घेता यायचं आणि तोच गाळ शेतात टाकला की खत. पाळीची दुरुस्ती आणि गाळ काढणं ही गावाची नेहमीची कामं होती. यात सगळं गोड होतं असं नाही. पाण्यावर अखेरचा शब्द मालगुजाराचा असायचा आणि अंगमेहनत गरिबांची. पण तलाव जिवंत राहण्यात प्रत्येकाचा काही ना काही स्वार्थ होता.

वरोऱ्याची खदान

इंग्रज आले ते रेल्वे घेऊन. रेल्वेला कोळसा हवा होता. मध्य भारतात कोळसा सापडला तर तो बंगालमधून किंवा इंग्लंडमधून आणायची गरज नव्हती. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला वरोऱ्याला सरकारी खदान सुरू झाली. तिच्यासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे टाकली गेली. घुग्घुसलाही याच काळात कोळशाचा शोध सुरू झाला होता. बाबा आमटे यांच्या आनंदवनामुळे आज सगळ्यांना माहीत असलेलं वरोरा त्या काळी कोळशाचं गाव म्हणून ओळखलं जायचं.

वरोऱ्याची खदान १९०६ मध्ये बंद झाली. तोपर्यंत बल्लारपूरला नवी खदान सुरू होत होती. पुढे चंद्रपूर शहराला लागून महाकाली, लालपेठ, रय्यतवारी अशा खदानी निघाल्या. ज्या महाकालीचं देऊळ राणी हिराईने बांधलं आणि जिथे चैत्रात मराठवाड्यातून यात्रेकरू येतात, तिच्याच नावाने कोळशाची खदान ओळखली जाऊ लागली. खदानीत काम करायला देशभरातून मजूर आले. आजच्या चंद्रपुरात मराठी, गोंडीसोबत तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी ऐकू येते त्यामागे या खदानींचाही वाटा आहे.

या जुन्या खदानी भूमिगत होत्या. जमिनीखाली बोगदे करत कोळसा काढायचा आणि छत कोसळू नये म्हणून मधे मधे कोळशाचेच खांब ठेवायचे, ही पद्धत. पोकळीत वाळू भरली तर वरची जमीन टिकते. न भरता खदान सोडून दिली तर काळाच्या ओघात खांब झिजतात, पाणी साचतं आणि छत खाली येतं. वरची जमीन कधी खचेल याचा अंदाज बांधायचा तर खालचा नकाशा अचूक माहीत हवा. शंभर वर्षांच्या जुन्या खदानींच्या बाबतीत तेच सगळ्यांत अवघड असतं.

खुल्या खदानी आणि ‘ओबी’चे डोंगर

१ मे १९७३ पासून देशातल्या दगडी कोळशाच्या खदानींचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली आणि वर्धा खोऱ्यातल्या खदानी वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे ‘वेकोलि’कडे गेल्या. त्यानंतर भर खुल्या खदानींवर आला. दुर्गापूर, पद्मापूर, भटाळी, सास्ती, घुग्घुस अशा ठिकाणी मोठमोठे खड्डे खोदले जाऊ लागले.

खुल्या खदानीत कोळशावरची माती आणि दगड आधी काढावे लागतात. खदानीतले कामगार याला ‘ओबी’ म्हणतात. सुरुवातीच्या कापाची ओबी टाकायला खड्डा नसतो, म्हणून ती बाहेर टाकतात आणि तिचा डोंगर होतो. काम पुढे सरकलं की नवी ओबी मागच्या रिकाम्या खड्ड्यात टाकता येते. पण शेवटचा काप संपतो तेव्हा तो भरायला जवळ माती उरलेली नसते. ती सुरुवातीच्या डोंगरात अडकलेली असते. म्हणून जवळपास प्रत्येक खुल्या खदानीच्या शेवटी दोन गोष्टी उरतात: एक डोंगर आणि एक खड्डा.

खदान चालू असते तोवर पाणी हा तिचा शत्रू असतो. दिवसरात्र पंप लावून ते बाहेर फेकतात. खदान बंद झाली, पंप थांबले की भूजल आणि पावसाचं पाणी मिळून खड्डा भरायला लागतो. काही वर्षांत तिथे निळंशार तळं दिसतं. लोक फोटो काढतात.

डोंगराचं काय होतं? त्यावर विलायती बाभूळ माजते. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र, दुर्गापूरच्या खदानी आणि ताडोबाचं जंगल एकमेकांना जवळजवळ चिकटून आहेत. या झुडपांत वाघ आणि बिबटे राहू लागले. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या आणि दुर्गापूरच्या परिसरात त्यांच्या हल्ल्यांत माणसांचे जीव गेले. इरईच्या काठालगतच्या ओबीच्या ढिगाऱ्यांमुळे नदीचं पात्र अरुंद झालं, हा पर्यावरण अभ्यासकांचा जुना आक्षेप आहे. २००६, २०१३ आणि २०२२ च्या पुरांनंतर तो प्रत्येक वेळी नव्याने पुढे आला.

वीज, पाणी आणि जंगल

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. मुंबई-पुण्यात दिवा लागतो त्यात चंद्रपूरचा कोळसा असतो, असं इथले लोक म्हणतात ते खोटं नाही. या केंद्राला पाणी मिळतं इरई धरणातून. २०१० च्या उन्हाळ्यात धरण इतकं आटलं की पाण्याअभावी वीजनिर्मिती थांबवायची वेळ आली. कोळसा दाराशी होता, पाणी नव्हतं.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथं होतं. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद एवढेच त्याच्या वर होते. त्याच वर्षी ताडोबाजवळच्या लोहारा कोळसा खदानीचा प्रस्ताव केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अडवला. २०२० मध्ये ताडोबाच्या भ्रमणमार्गातला बांदर कोळसा पट्टा लिलावातून वगळावा लागला. प्रत्येक खदान होतेच असं नाही, हे या दोन उदाहरणांतून दिसतं.

तलावांचं काय झालं?

खदानी वाढत होत्या त्याच काळात तलावांची मालकी बदलली. चंद्रपूर तेव्हा मध्य प्रदेशात होतं. तिथल्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी आणि जमीनदारी संपली आणि १९५१ पासून तलाव सरकारच्या ताब्यात आले. मालगुजाराची सत्ता गेली हे योग्यच झालं. पण त्याच्यासोबत गाळ काढण्याची, पाळ सांभाळण्याची व्यवस्थाही गेली आणि तिच्या जागी दुसरी नीट उभी राहिली नाही.

मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे आणि १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे जिल्हा परिषदेकडे अशी वाटणी झाली. मासेमारी सहकारी संस्थांकडे गेली. जंगलात पाणलोट असेल तर वनखात्याचे नियम लागू. एकाच तलावाची पाळ एकाची, पाणी दुसऱ्याचं, मासे तिसऱ्याचे. तलाव गाळाने भरत गेले, काठावर बेशरमीची झुडपं वाढली, तलावाच्या जागेत अतिक्रमणं झाली.

शहरात तर तलाव थेट नाहीसे झाले. चंद्रपूरचा कोहिनूर तलाव आज खेळाचं आणि सभांचं मैदान आहे. नावात तलाव, जागेवर क्रिकेट.

रामाळा तलाव वाचला, पण आजारी झाला. शहराचं सांडपाणी त्यात येऊ लागलं, जलपर्णीने पाणी झाकलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘इको-प्रो’ या चंद्रपूरच्या संस्थेचे बंडू धोतरे यांनी तलावासाठी अन्नत्याग सत्याग्रह केला. याच संस्थेच्या तरुणांनी त्याआधी चंद्रपूरच्या परकोटाची सफाई हाती घेऊन देशाचं लक्ष वेधलं होतं. सत्याग्रहानंतर रामाळ्याचं पाणी सोडून गाळ काढायचं काम हाती घेतलं गेलं. पण गाळ काढणं हे निम्मं काम. सांडपाणी वळवलं नाही तर तलाव पुन्हा तसाच होतो.

खदानीचा खड्डा म्हणजे तलाव का नाही?

‘तलाव गेले तर गेले, खदानींचे नवे तलाव तयार झाले की,’ असा एक युक्तिवाद ऐकू येतो. तो का फसवा आहे ते पाहू.

पहिली गोष्ट, काठ. मामा तलाव उथळ असतो. त्याच्या काठाला गुडघाभर पाण्यात गवत, कमळ, पाणवनस्पती वाढतात. मासे तिथेच अंडी घालतात, पक्षी तिथेच चरतात. खदानीच्या खड्ड्याला उभ्या भिंती असतात. काठावरून एक पाऊल टाकलं की खोल पाणी. जीवसृष्टीला जागा कमी आणि माणसाला धोका जास्त. पोहायला किंवा गुरं धुवायला गेलेले लोक अशा खड्ड्यांत बुडाल्याच्या बातम्या जिल्ह्याला नवीन नाहीत.

दुसरी गोष्ट, पाणी. कोळशाच्या थरातल्या गंधकयुक्त खनिजांचा हवा-पाण्याशी संबंध आला की पाणी आम्लधर्मी होऊ शकतं आणि त्यात धातू विरघळतात. सगळ्याच खड्ड्यांत तसं होतं असं नाही. योग्य प्रक्रिया केली तर खदानीचं पाणी वापरता येतं. वेकोलिने नागपूरजवळच्या पाटणसावंगीला खदानीतलं पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीबंदही केलं. पण दिसायला निळं म्हणजे प्यायला चांगलं, हे गृहीत धरता येत नाही. तपासणी लागते, आणि ती एकदाच करून भागत नाही.

तिसरी गोष्ट, मालकी. तुकूमाच्या तलावाला धनी होता. खदानीसाठी ज्या शेतकऱ्याची जमीन गेली, त्याला मोबदला आणि कुठे नोकरी मिळाली. पण खदान संपल्यावर उरलेल्या पाण्यावर त्याचा कुठलाच हक्क नसतो. ज्या पाण्यावर कुणाचं पोट नाही, त्याची राखणही कुणी करत नाही.

इतर ठिकाणी काय केलं?

जर्मनीच्या पूर्व भागात लाउझित्झ आणि लाइपझिगच्या परिसरात तपकिरी कोळशाचे प्रचंड खड्डे होते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्यात नद्यांचं पाणी सोडून तलावांचा अख्खा प्रदेश तयार केला गेला. कॉटबुस शहराजवळच्या खड्ड्यात २०१९ मध्ये पाणी सोडायला सुरुवात झाली. काठांचे उतार कमी करणं, माती घट्ट बसवणं, पाण्याचा आम्लपणा तपासत राहणं यावर मोठा सरकारी पैसा खर्च झाला. तरीही जुलै २००९ मध्ये नाख्टरश्टेट गावात अशाच एका तलावाचा काठ घरांसकट कोसळला आणि तिघांचा जीव गेला. पैसा आणि तंत्रज्ञान असलेल्या देशातही हे काम घाईचं नाही, एवढं यातून कळतं.

आपल्याकडे झारखंडच्या रामगड जिल्ह्यात बंद खदानीच्या पाण्यात पिंजरे सोडून मासेपालन सुरू झालं आणि विस्थापितांना त्यातून उत्पन्न मिळू लागलं. तलावांच्या बाबतीत उदाहरण आणखी जवळ आहे. गोंदिया-भंडाऱ्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजातल्या स्त्री-पुरुषांसोबत काम केलं. तलावातली बेशरम काढायची, तळ नांगरून स्थानिक पाणवनस्पती लावायच्या, देशी मासे परत आणायचे. ढिवरांकडचं जुनं ज्ञान इथे कामी आलं.

कायदा काय म्हणतो?

कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खदान बंद करण्याच्या आराखड्याचे नियम आणले आणि २०१३ मध्ये ते सुधारले. खदान सुरू करतानाच ती बंद कशी करणार हे सांगायचं आणि त्यासाठीचे पैसे वेगळ्या खात्यात भरत जायचे, हा त्याचा गाभा. अडचण अशी की, या नियमांच्या कितीतरी आधी सोडून दिलेल्या खदानींवर आज वस्त्या आहेत. घुग्घुस हे त्याचंच उदाहरण.

दुसरा कायदा २००६ चा वनहक्क कायदा. त्यात ग्रामसभांना जंगलासोबतच मासे आणि पाणवठ्यांवरचा सामूहिक हक्क मिळू शकतो. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला आणि देशभर त्याची चर्चा झाली. जिथे ग्रामसभा जागी आहे, तिथे तलावाला पुन्हा धनी मिळू शकतो.

गडचिरोलीसाठी हा प्रश्न आत्ताचा आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोहखनिजाचं उत्खनन २०१६ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माओवाद्यांनी तिथली वाहनं जाळली, काम थांबलं आणि २०२१ पासून पुन्हा जोरात सुरू झालं. रोजगार आला, ट्रकही आले. ते लोखंड एक दिवस संपेल. तेव्हा काय उरेल, याचं उत्तर वर्धा खोऱ्यात आधीच लिहिलेलं आहे.

थोडक्यात

चंद्रपूर-गडचिरोलीत जमीन दोन कारणांसाठी खोदली गेली. एकदा पाणी ठेवण्यासाठी, एकदा कोळसा नेण्यासाठी. तलाव बांधणाऱ्याला पाण्याने भिजलेली जमीन मिळायची, म्हणून तो तलाव सांभाळायचा. कोळसा नेणाऱ्याचा हिशोब कोळसा संपला की संपायचा, म्हणून खड्डा तसाच राहायचा.

वर्धा खोऱ्यातल्या आणखी खदानी येत्या काळात बंद होतील आणि पाण्याने भरतील. ते पाणी कुणाचं, त्याची तपासणी कोण करणार, काठाचा उतार कोण नीट करणार आणि ज्यांची शेतं त्या खड्ड्यात गेली त्यांना त्यातले मासे मिळणार का, हे आज ठरवायचं आहे. अमराई वॉर्डातल्या कुटुंबाला त्यांच्या घराखाली काय आहे हे ठरवायची संधी मिळाली नव्हती.